रिकामी फिरणारी मोटर

चिंचखिंड, ता. पारनेर
१८ मार्च १९७३

प्रिय सुचित्रा,

जानेवारीत तुझ्या भावाच्या घरून निघाले तेव्हा इतकी चिडलेली होते, की त्याच दिवशी पत्र लिहिलं असतं तर पोस्टमनच्या बोटांना चटका बसला असता. म्हणून लिहिलं नाही. शिवाय इथली गिरणी बंद होती, आणि ती सुरू होईपर्यंत तुला एक ओळही पाठवायची नाही असं मी ठरवलं होतं. परवा ती सुरू झाली. हे लिहिताना तिची घरघर माझ्या खोलीत ऐकू येते आहे आणि लग्नातल्या बँडपेक्षा गोड वाटते आहे. तेव्हा आता बैस, चष्मा लाव आणि सगळं नीट वाच. दूध उतू चाललं म्हणून मध्येच उठायचं नाही. दुधाकडे बघायला त्या घरात आणखी पुष्कळ डोळे आहेत. तू तिथे राहणार की इथे येणार, हा जो प्रश्न आपण दोघींनी चहाच्या कपात बुडवून टाकला, त्याबद्दल मी शेवटी बोलणार आहे. पण आधी गिरणी.

चिंचखिंडीत यंदाही पाऊस नाही. विहिरींचे तळ उघडे पडलेत, गुरं छावणीत आहेत आणि माणसं पाझर तलावाच्या कामावर. बायका दिवसभर खडी फोडतात. रेशनवर तो बोटीतून आलेला लाल मिलो मिळतो, दिसायला ज्वारीसारखा आणि वागायला गारगोटीसारखा. गावात तेलाच्या इंजिनावर चालणारी एक गिरणी होती. तिचा मालक बिऱ्हाड घेऊन साखर कारखान्याच्या भागात निघून गेला. पारनेरला दळायला जावं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणजे बायकांनी पहाटे उठून जात्यावर मिलो भरडायचा आणि उजाडलं की दगड फोडायला जायचं. घरातही दगड, बाहेरही दगड.

माझ्या शेजारच्या छबूबाईला तू पाहिलं आहेस. तीच, जिने तुझ्या छत्रीला ‘पंख मोडल्याली कोंबडी’ म्हटलं होतं. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर आली आणि तिने दोन्ही तळवे माझ्यापुढे उघडले. मी जन्मभर मुलींचे तळवे पाहिले ते छडी हातात घेऊन. असे तळवे पाहिले नव्हते. “बाई,” ती म्हणाली, “तुमी एवढी बुकं शिकल्या. त्यात हे जातं बंद करायचं कुटंच लिव्हल्यालं न्हाई का?” मला राग आला. कशाचा ते सांगता येणार नाही. तुला माझे राग माहीत आहेत. ते आधी येतात आणि कारण मागून.

मी लीनाला पत्र टाकलं. आपली लीना, जिला भूमितीचा तास म्हणजे झोपेचा तास वाटायचा आणि तू तिला झोपू द्यायचीस. तिच्या सासऱ्यांचा नगरला तेलाचा कारखाना होता, तो आता बंद आहे. तिथे चक्कीचे दगड, चक्कीची मोटर आणि घाण्याची एक मोठी मोटर धूळ खात पडली होती. लीनाने पुढच्याच आठवड्यात सगळं ट्रकमध्ये घालून पाठवलं, वर एक चिठ्ठी, “बाई, भूमितीच्या बाईंना सांगा, मी जागी आहे.” हे तुला सांगायचं राहून गेलं होतं.

मोटरी आल्या आणि खरी अडचण पुढे आली. गावात वीज आहे ती दिव्यांपुरती. खांबावर दोनच तारा, आणि त्यांत दोनशे तीस व्होल्ट. या मोटरींना हव्यात तीन तारा, म्हणजे तीन फेज, आणि चारशे व्होल्ट. म्हणजे तारही कमी आणि जोरही कमी. मी वीज कचेरीत गेले. तिथला साहेब आपल्या शेवटच्या बॅचमधल्या पोरींच्या वयाचा असेल. तिसरी तार कधी येणार विचारलं, तर म्हणाला खांब नाहीत, तार नाही, दोन वर्षं धरून चाला. म्हटलं, दोन तारांवर तीन फेजची मोटर चालवून दाखवली तर परवानगी द्याल? त्यावर तो हसला. “मावशी, विजेचं काम म्हणजे लोणचं घालणं नव्हे.” मी म्हटलं, “तुम्हाला लोणचं घालता येतं का?” त्याने नाही म्हणून मान हलवली. “मग ज्या दोन गोष्टींपैकी तुम्हाला एकच येते, त्यांची तुलना कशी करता?” शेजारच्या टेबलावरचा कारकून खोकला येऊन बाहेर गेला. परवानगी मिळाली. फक्त दिवसा, गावातले दिवे बंद असताना. मला तेवढंच हवं होतं.

बसमध्ये परतताना मला कोण आठवलं असेल? सिस्टर वॉल्बुर्गा. आपली वालपापडी. आणि कॉन्व्हेंटच्या मागचं ते आंब्याचं झाड. फांदीला दोराने बांधलेली पाण्याची बादली तुला आठवते ना? तिने आधी मला आणि त्या जाड्या डोरोथीला समोरासमोर उभं केलं आणि बादली ढकलायला लावली. बादली आपली पुढे-मागे, पुढे-मागे. “दोघींनी कितीही ढकललं तरी ती गोल फिरणार नाही,” सिस्टर म्हणाली. मग तिने तुला आणलं. तिघी वर्तुळात सारख्या अंतरावर, बादली आली की आपापल्या पाळीने एक ढकल. आणि बादली गोल फिरायला लागली, एक थेंब न सांडता. तीन फेज म्हणजे काय, ते मी पुढे कॉलेजात पुस्तकातून शिकले, पण मला ते समजलं होतं त्या आंब्याखाली.

त्यानंतरचं तू विसरली असशील, मी नाही. तुझी पाळी येईपर्यंत तू नुसतीच उभी दिसायचीस. मग बाकीच्या पोरींना वाटलं, ही रिकामीच आहे. कुणी दप्तर तुझ्या गळ्यात अडकवलं, कुणी टोपी दिली, कुणी बूट. आणि तू सगळं घेतलंस! नाही म्हणायला तुला तेव्हाही येत नव्हतं. हात भरलेले, पाळी चुकली, बादली वाकडी उसळली आणि सरळ वालपापडीच्या नडगीवर बसली. ती एका पायावर नाचत ओरडत होती, “तिच्या हातातलं सगळं आधी काढून घ्या! ती रिकामी नाही, ती तिच्या पाळीची वाट बघते आहे!” आणि तू ओल्या गवतावर बसून हसत होतीस. त्या हसण्यासाठी आणि जेवणघरात शीळ घातल्याबद्दल तुला शिक्षा झाली. ‘मुली शीळ घालत नाहीत’ हे शंभर वेळा लिहिताना तू शीळच घालत होतीस, हे फक्त मला माहीत आहे.

तर ती तिसरी मुलगी कशी आणायची, एवढाच प्रश्न होता. तो सोडवायला मला नगरच्या माळीवाड्यातला कानिफनाथ भेटला. मोटरींची वाइंडिंग करतो. आधी लष्कराच्या वर्कशॉपात होता आणि ते तो कोणाला विसरू देत नाही. “मिलिटरीत आमी ह्येच करत हुतो बाई,” हे त्याचं प्रत्येक वाक्याचं शेपूट. पण त्याच्याकडे युक्ती होती. तीन फेजची एक मोठी मोटर घ्यायची, तिला दोनच तारा जोडायच्या. आपली आपण ती फिरणार नाही, नुसती गुरगुरेल. म्हणून तिच्या पुलीवर दोरी गुंडाळून जोरात ओढायची, ती फिरायला लागली की बटण दाबायचं. मग ती फिरत राहते. तिच्यावर कसलाही भार टाकायचा नाही. ती नुसती फिरते, आणि फिरता फिरता तिच्या तिसऱ्या टोकावर तिसरी फेज आपोआप तयार होते. ती फेज दुसऱ्या मोटरीला द्यायची. मला आंब्याचं झाडच दिसायला लागलं.

पहिल्या दिवशी सगळं जोडलं. घाण्याची मोटर मोकळी फिरली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि चक्कीच्या मोटरीने फक्त हुंकार भरला. दगड हलेना. कानिफनाथ म्हणाला, “जरा गरम व्हऊ द्या.” मी म्हटलं, “ती काय आंघोळीचं पाणी आहे?” तिसरी फेज आली होती, पण चारशे व्होल्टच्या मोटरीला आपण दोनशे तीसच पाजत होतो. जोर वाढवायला ट्रान्सफॉर्मर हवा, यावर आमचं एकमत झालं. तो कुठे बसवायचा, यावर मात्र आम्ही माळीवाड्यात त्याच्या दुकानात एक अख्खी दुपार भांडलो. तो म्हणत होता, आधी तीन फेज तयार करू आणि मग तिन्हींचा जोर वाढवू. त्याला तीन ट्रान्सफॉर्मर लागतात. मी म्हणत होते, आधीच वाढव. दोन तारा आत येतात तिथेच एक ट्रान्सफॉर्मर बसव, चारशे कर, आणि मग मोठ्या मोटरीला दे. ती तिसरी फेजही चारशेचीच करेल. त्याची बायको कडूबाई चहा ठेवून म्हणाली, “भांडा दोघं, पन चा गार करू नगा.”

मी त्याला माझ्या वडिलांची, अण्णांची गोष्ट सांगितली. भंडारदऱ्याची, आपण मे महिन्याच्या सुट्टीत गेलो होतो तेव्हाची. धरणाचं काम संपत आलं होतं आणि अण्णा ओव्हरसिअरच्या टोपीत केवढे उंच वाटायचे. त्यांनी आपल्याला भिंतीवर उभं केलं होतं आणि तू माझा हात इतका घट्ट धरलास की बांगडी पिचली. “पाणी उंच चढवलं की धार बारीक होते, पण जोर वाढतो,” ते म्हणाले होते. “आणि उंच चढवायचं ते वरच, मुळाशी. खाली गावागावात पोचल्यावर चढवत बसायचं नाही.” कानिफनाथने चहा बशीत ओतला, फुंकला, प्याला, आणि म्हणाला, “मिलिटरीत आसंच करायचे.” म्हणजे त्याला पटलं. भंडारदऱ्याला त्या रात्री, आपण दोघी भिंतीवरून पडलो असतो म्हणून आई रडली होती आणि अण्णा म्हणाले होते, सुचित्रा असताना आपली मुलगी पडत नाही. हे मी कानिफनाथला सांगितलं नाही. तुला सांगते आहे.

डिसेंबरात गिरणी सुरू झाली. पहिलं दळण मारुतीच्या नैवेद्याचं, दुसरं छबूबाईचं. तिने पिठाच्या तोंडाखाली हात धरला आणि गरम पीठ त्या तळव्यांवर पडत राहिलं. तिच्या मागे बायका डबे आणि पाट्या घेऊन उभ्या होत्या. इतक्या बायका इतका वेळ गप्प मी प्रार्थनेच्या तासालाही पाहिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती गावात जात्याचा आवाज नाही म्हणून.

पण ती मोकळी मोटर मात्र कोणाला सहन होईना. जो येई तो विचारी, “बाई, ही काय दळती?” काही नाही. “मग फिरती कशाला?” ती फिरते म्हणून ही दळते. हे ऐकून माणसं माझ्याकडे सहानुभूतीने बघत. सरपंच सहादेव तर म्हणाला, “म्हंजी आमच्या सासऱ्यासारखंच की. बसून खायाचं आन घर आपल्यावर चाललंय म्हनायचं!” सगळे हसले. मीही हसले, पण लगेच एक पाटी रंगवून भिंतीवर लावली: ‘या मोटरीला पट्टा लावू नये.’ लाल रंगात, ऱ्हस्व-दीर्घासकट शुद्ध.

तू असतीस तर मला तेव्हाच सांगितलं असतंस, शरयू, पाट्यांनी काही होत नाही. शाळेत मी अध्यक्षांशी, सेक्रेटरींशी, शिपायांशी, पालकांशी भांडायचे आणि तू कोपऱ्यात बसून वह्या तपासत असायचीस. तुला कुणी कधी विचारायचं, तुम्ही मीटिंगला कशाला येता, तुम्ही तर काहीच बोलत नाही. पण तू टायफॉइडने आजारी पडलीस ते आठवतं का? तेवढ्या आजारपणात मी दोनदा राजीनामा दिला, सेक्रेटरींना ‘शेळी’ म्हटलं आणि गॅदरिंग रद्द झालं. तू परत येऊन त्या कोपऱ्यात बसलीस आणि सगळं पुन्हा चालायला लागलं. तू एक शब्द बोलली नव्हतीस. फक्त मी तावातावाने उठले की तुझी पेन्सिल थांबायची, आणि मी खाली बसायचे.

जानेवारीत डोळे दाखवायला मी नगरला गेले. गिरणी चालवतो तो रंगनाथ. चांगला, कामसू आणि काटकसरी माणूस. काटकसरीनेच घात केला. छावणीत गुरांना कडबा तोडून घालायचा असतो आणि हाताने कुट्टी करताना माणसं घामाघूम होतात. इथे एक मोटर दिवसभर फुकट फिरते आहे! त्याने कुट्टीचं यंत्र आणून शेजारी ठेवलं आणि त्या मोटरीला पट्टा चढवला. माझ्या पाटीच्या बरोबर खाली. कडबा भराभर तुटला, लोक खूश झाले. पण मोठी मोटर दमायला लागली, तिसरी फेज ढेपाळली, चक्कीची मोटर दोन तारांवर कण्हत राहिली आणि जळाली. मी आले तेव्हा गावात जळक्या लाखेचा वास होता आणि बायका मिलोच्या पाट्या घेऊन परत चालल्या होत्या. रंगनाथ माझ्यासमोर खाली बघत उभा होता. “बाई, फिरतच हुती की ती. नुसतीच. म्या म्हनलं, फिरता फिरता येवढं करंल. तिला काय जड हाय?” त्याच्यावर काय ओरडणार? ओरडले, ते सोड.

पंचायतीत तर कळसच. ठराव काय, तर मोकळी मोटर काढून टाकावी, कारण तिच्यामुळे घोटाळा झाला! मी उठले, तोंड उघडलं, आणि कोपऱ्यात थांबणारी पेन्सिल नव्हती. मग काय बोलले ते गावाला पाठ आहे.

कानिफनाथला वाइंडिंगची तार आणि दोन मोठे कंडेन्सर हवे होते, ते पुण्यातच मिळणार. म्हणून मी पुण्याला आले, आणि बुधवार पेठेतली खरेदी झाल्यावर पिशवी घेऊन तुमच्याकडे. तू दार उघडलंस तेव्हा तुझे हात कणकेने भरलेले होते. आतून सुमंतने हाक मारली, आत्या, शर्टाचं बटण. त्याच्या धाकटीची वेणी अर्धी झाली होती. तू मला बस म्हणालीस आणि स्वतः बसली नाहीस. टपाल आलं, त्यात तुझ्या नावाचं एक पाकीट होतं. ते तुझ्या भावाने, शामकांतने फोडलं, वाचलं आणि मग तुला सांगितलं की तुझ्या कुठल्याशा विद्यार्थिनीला मुलगा झाला. घरात आलेलं प्रत्येक पत्र कर्त्या माणसाने आधी वाचायचं, ही तुमच्याकडची पद्धत आहे म्हणे.

मग त्याने माझ्या पिशवीतले कंडेन्सर पाहिले आणि तो खुलला. इंजिनिअरच तो, निवृत्त झाला तरी काय. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्याने माझी सगळी जोडणी काढली, ट्रान्सफॉर्मर आधी बसवला म्हणून मला शाबासकी दिली, आणि रंगनाथची हकीकत ऐकून मांडीवर थाप मारून हसला. “आयडलरवर लोड टाकला? मूर्ख लोक! अहो शरयूताई, ती मोटर रिकामी दिसते, पण सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो.” हे बोलता बोलताच त्याने तुझ्याकडे न बघता आपला रिकामा कप तुझ्यापुढे धरला. तू गेलीस तेव्हा मी म्हटलं, हिला बसू तर दे. तर म्हणाला, “ताई नाही तरी रिकामीच असते. तेवढाच तिचाही वेळ जातो.” आतून तुझ्या हसण्याचा आवाज आला. ते तुझं हसणं नव्हतं. आणि सबंध दुपारभर त्या घरात मी एकदाही शीळ ऐकली नाही. निवृत्तीनंतर इथे चिंचखिंडीत आपण दोघींनी राहायचं ठरलं होतं, पूर्वेची खोली तुझी म्हणून मी तिला पांढरा रंग दिला होता, आणि मग शामकांत ‘ताईला एकटं कसं ठेवायचं’ म्हणत तुला घेऊन गेला. जानेवारीत त्या दिवशी निघताना दारात मी तुला विचारलं, येतेस का? तू म्हणालीस, “इथलं कोण बघेल?” मी पिशवी उचलली आणि निघाले.

आता परवाचं. मोटर दुरुस्त होऊन बसली. कानिफनाथने मोकळ्या मोटरीच्या पुलीवर पत्र्याचं झाकण केलं, दोरीपुरती फट ठेवून. मी नवी, मोठी पाटी रंगवायला घेतली. छबूबाईने ब्रश माझ्या हातातून काढून घेतला. “बाई, तुमची पाटी ज्याला वाचता येत हुती त्यानंच पट्टा लावला. आता न वाचता कळंल आसं करू.” ती सगळ्या बायका घेऊन आली. झाकण पुसलं, हळदकुंकू लावलं, हिरवा खण ठेवला, नारळ ठेवला. मी तीस-बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे. माझा संताप तू समजू शकतेस. मेन स्विच बंद असल्याशिवाय पाण्याचा थेंब नको, एवढं मात्र मी ओरडून करवून घेतलं. मग छबूबाई पुरुषांकडे वळली, सरपंचासकट. “हिला आजपास्नं कुनी काम सांगायचं न्हाई. ही नुसती फिरतीया म्हनून आपलं दळान व्हतंया. आता लावून दावा पट्टा!” रंगनाथने चपला काढून हात जोडले. सहादेव म्हणाला, “म्हंजी सासऱ्याला बी खण घालावा का?” आणि त्याची बायको म्हणाली, “आधी त्याला दोरीनं ओढून बगा.” गिरणी सुरू झाली. कुट्टी आता हातानेच होते. आणि ज्या पट्ट्याला माझी लाल अक्षरं अडवू शकली नाहीत, त्याला चिमूटभर कुंकवाने अडवलं. मी हे मान्य करते आहे, पण हे पत्र कुणाला दाखवू नकोस.

अर्थात ते तुझ्या हातात नाही. म्हणून आता थोडं सरळच बोलते. शामकांत, हे पत्र सुचित्राच्या आधी तू वाचतो आहेस, हे मला माहीत आहे. त्यासाठीच ते इतकं लांब आणि इतकं मोटरींनी भरलेलं लिहिलं, म्हणजे तू मध्येच सोडणार नाहीस. रंगनाथला तू मूर्ख म्हणालास. त्याला मोटरी कळत नाहीत. तुला कळतात. तेव्हा तुला वेगळं समजवायला नको. हे पत्र घडी करून तिच्या हातात दे, तिच्या हातातलं बाकी सगळं काढून घे, आणि रविवारी सकाळी तिला नगरच्या गाडीत बसवून दे. सुचित्रा, सुप्याला उतर. रंगनाथ बैलगाडी घेऊन उभा असेल. पूर्वेच्या खोलीत खाट आहे, खिडकी आहे, आणि मी नीट पाहून घेतलं आहे, या घरात तुझ्यासाठी कसलंही काम नाही. पीठ गिरणीतून येतं, भाकऱ्या मी करते, त्या वाईट असतात, तू खायच्या. रविवारी आली नाहीस तर सोमवारी मी पुण्याला येईन आणि छबूबाईला बरोबर आणीन. ती करंडा घेऊन येईल. तुला तुझ्या भावाच्या दिवाणखान्यात सगळ्यांदेखत हळदकुंकू लावून खण घातलेला आवडणार असेल, तर खुशाल बसून राहा.

तुझीच,
शरयू

ता. क. इथे शीळ घातलेली चालते. मी पंचायतीला विचारून ठेवलं आहे.